त्राटिकेची गाठ

ऑपरेशन नीट पार पडलं की सर्जनला पेढे मिळतात. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला निदान नातेवाइकांचे जोडलेले हात येतात. पॅथॉलॉजिस्टला फोन येतो आणि त्यात दोनच शब्द असतात, "झालं का?"

मी पॅथॉलॉजिस्ट होते. आता निवृत्त आहे, तरी माझ्या नणंदेच्या मते मी जन्मभर लोकांचं रक्त आणि लघवी तपासली. मी तिला दुरुस्त करायचं सोडून दिलंय. पण दिवाळी अंकाच्या वाचकांनी चकली हातात धरलेलीच आहे तर त्यांना सांगायला हरकत नाही, की नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी नोकरी केली तिथे माझं मुख्य काम गाठींचं होतं. गाठ साधी की कॅन्सरची, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवायचं. त्यातही माझ्या नशिबी लाळग्रंथींच्या गाठी फार आल्या.

लाळग्रंथी म्हणजे तोंडात लाळ तयार करणारी छोटी कोठारं. त्यातलं सगळ्यात मोठं कानाच्या पुढे आणि खाली असतं. गालगुंड होतं तेव्हा सुजते ती हीच जागा. एवढ्याशा जागेत निसर्गाने इतक्या प्रकारच्या गाठी करून ठेवल्या आहेत, की निसर्गाचा पॅथॉलॉजिस्ट लोकांवर काहीतरी जुना राग असावा. साधी गाठ कॅन्सरसारखी दिसते आणि कॅन्सर साळसूद चेहऱ्याने साध्या गाठींच्या पंगतीत येऊन बसतो. शिवाय चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीच्या पोटातून जाते आणि आतच तिच्या हाताच्या बोटांसारख्या फांद्या होतात. एक फांदी डोळा मिटते, एक ओठाचा कोपरा उचलते. सर्जनला गाठ काढायची असते ती या बोटांमधून, एकाही बोटाला धक्का न लावता. पण गाठ कॅन्सरची असेल आणि एखादी फांदी तिच्यात अडकली असेल, तर ती फांदी कापावी लागते. मग चेहऱ्याचा तेवढा भाग कायमचा खाली येतो. म्हणून सर्जन आधी विचारतो, "काय आहे?" आणि ऑपरेशन चालू असताना पुन्हा विचारतो, "नक्की काय आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुईने द्यायचं. इंजेक्शनसारखीच सुई गाठीत घालायची, चार पेशी ओढून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि पाहायच्या. हे काम घेऊन मी बरीच वर्षं जव्हार-मोखाड्याच्या शिबिरांना जात होते. एखाद्या शाळेचा वर्ग, फळ्यावर पुसायची राहिलेली बेरीज, लहान मुलांच्या बाकांवर दुमडून बसलेली मोठी माणसं आणि खिडकीच्या उजेडात ठेवलेला माझा सूक्ष्मदर्शक. आमची तंत्रज्ञ सुनंदा काचा वाळवायला पुठ्ठ्याने वारा घालायची. तिकडे मला 'सुईवाली बाय' म्हणत. बाय म्हणत आणि तू म्हणत. कलेक्टर आला तरी त्याला तूच. नाशकात 'मॅडम, मॅडम' ऐकून कान किटलेले असल्यामुळे मला ते तू फार आवडायचं.

सुईबद्दल मात्र तिथे एक गैरसमज होता. सुई म्हणजे औषध आत जाणार. माझी सुई रिकामी जायची आणि भरून बाहेर यायची, हे पाहून लोकांना फसवल्यासारखं वाटायचं. दाभोशाची एक म्हातारी सुई झाल्यावर जागची हलेना. म्हणाली, "बाय, घातलं काय नायस, उलट काढूनच घेतलंस. आता या बाजूलाबी मार, नायतर मी जीपचं भाडं भरून आलू कशाला?" दुसऱ्या बाजूला गाठच नव्हती. शेवटी सुनंदाने तिचं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

पहिली काही वर्षं मी काचा नाशिकला आणून सावकाश पाहत असे. वांगणीच्या एका बाईची टाळूवरची गाठ अशीच पाहिली. बाई तरुण होती. गाठ बोराएवढी आणि ठणकणारी, म्हणजे वाईट लक्षण. रिपोर्ट कॅन्सरचा निघाला, तो घेऊन आरोग्य खात्याच्या आशाताई पाड्यावर गेल्या तर झोपड्यांना कड्या. सगळा पाडा वीटभट्टीच्या कामावर गेलेला, आणि कुठल्या भट्टीवर ते कुणालाच माहीत नाही. ती परत आली तेव्हा गाठ नसांच्या कडेकडेने वर सरकली होती आणि पाटणकरांच्या, म्हणजे आमच्या सर्जनच्या हातात फार काही उरलं नव्हतं. त्या बाईने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यानंतर मी सूक्ष्मदर्शक जीपमध्ये मांडीवर घेऊन जायला लागले. काच तिथेच रंगवायची, तिथेच पाहायची आणि माणूस बाकावरून उठायच्या आत त्याला सांगायचं.

महादू याच बाकावर भेटला. मोखाड्याचं शिबिर होतं आणि तो सूर्यमाळहून चालत आणि मग जीपने आला होता. बरोबर बायको मंगळी. महादूच्या उजव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ होती. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, "बरंच." दुखते का? "नाय." मग आलास का? "ही आणते म्हणून." मंगळीकडे बोट. मंगळी भिंतीकडे बघत उभी. एकूण बोलण्याची हौस दोघांनाही बेताचीच.

काच पाहिली आणि जीव भांड्यात पडला. लाळग्रंथीची सगळ्यात नेहमीची, साधी गाठ. तिच्यात पेशींच्या अवतीभोवती जांभळट गुलाबी धागेदार चिकट पदार्थ असतो. तो दिसला की पॅथॉलॉजिस्टला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. मी सांगितलं, "साधी आहे. पण काढायला हवी. अशा गाठी वाढतात, आणि ठेवल्या तर पुढेमागे एखादी बिघडते."

"काढू की," महादू म्हणाला. "बोहाडा झाला की येतो."

बोहाडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. होळी उलटली की तिकडच्या गावांतून सोंगं निघतात. देवांचे, राक्षसांचे मोठाले लाकडी मुखवटे तोंडावर बांधून संबळाच्या तालावर माणसं रात्रभर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं. महादूच्या घराकडे त्राटिकेचं सोंग होतं. एका वाक्यात दोन शब्द बोलणारा हा लाजरा माणूस वर्षातून एका रात्री राक्षसीण होऊन गावातली पोरं किंचाळत पळवतो, हे ऐकून मी हसले. महादूही हसला. तेवढ्यात मी सवयीने पाहून घेतलं, ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले. नस शाबूत होती.

बोहाडा झाला आणि तो खरंच नाशिकला आला. एवढी शब्दाला जागणारी माणसं आमच्या ओपीडीत क्वचितच येतात. पण गाठ पाहून माझं हसू गेलं. ती लाल झाली होती, कडक झाली होती आणि वरची कातडी तिला चिकटली होती. आधी कातडी तिच्यावरून सहज सरकायची. डॉ. पाटणकरांनी माझ्याकडे पाहिलं. साधी गाठ अशी अचानक रूप बदलते तेव्हा तिच्यात कॅन्सर उठलाय का, ही पहिली शंका येते.

"काही लावलं होतंस का हिला?" मी विचारलं.

"नाय."

"बिब्बा? झाडपाला?"

"काय नाय लावलं."

पाटणकरांनी नस तपासली. "डोळे घट्ट मीट. गाल फुगव. दात दाखव." महादूने सगळं मन लावून केलं, दात तर गरजेपेक्षा जास्त दाखवले. मी पुन्हा सुई घातली. या वेळी ओळखीचा गुलाबी पदार्थ थोडासाच आला, आणि त्याच्याबरोबर मेलेल्या पेशींचा चोथा आणि कातडीच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच, काहीशा रागीट पेशी. त्या तिथे असायचं कारण नव्हतं. मी रिपोर्टवर 'कॅन्सरची शंका, ऑपरेशनच्या वेळी पुन्हा पाहावे' असं लिहिलं. आमच्या धंद्यात शंका लिहिणं सोपं असतं. ती पोचवावी लागते दुसऱ्याला.

पाटणकर पोचवण्यात कुचराई करत नसत. त्यांनी दोघांना बसवून सांगितलं, की गाठ वाईट निघाली आणि नसेत शिरलेली असली तर नस कापावी लागेल. मग डोळा मिटणार नाही किंवा तोंड एका बाजूला ओघळेल. महादूने ऐकून घेतलं आणि माझ्या आठवणीतलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "कापा की, डॉक्टर. मुखवट्याखाली कोण बघतं? त्राटिकेचं तोंड कुठं सरळ हाय?"

आम्ही हसलो. मंगळी हसली नाही. ती पहिल्यांदाच पाटणकरांकडे वळून बोलली.

"सोंग एक रात असतं. बाकीचं वरीसभर मी बघते त्याला."

पाटणकरांनी पेन खाली ठेवला. मग ते म्हणाले, "सांभाळता येईल तेवढी सांभाळू, ताई." मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, पण त्यांना पेशंटच्या बायकोला ताई म्हणताना फक्त त्या दिवशी ऐकलं.

आता ऑपरेशन चालू असताना आम्ही काय करतो ते सांगते. ताजा मांसाचा तुकडा पातळ कापता येत नाही, लगदा होतो. म्हणून तो एका यंत्रात झटपट गोठवायचा आणि कुल्फीसारखा कडक झाला की त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि पाहायचे. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. पेशंट टेबलावर बेशुद्ध असतो, सर्जन हातमोजे वर धरून उभा असतो, आणि सगळं थिएटर तुमच्या फोनची वाट पाहत असतं. गोठवलेल्या कापात पेशी सुरकुतलेल्या दिसतात, नेहमीच्या कापासारख्या सुबक नसतात. म्हणजे घाईच्या वेळी वाईट फोटो पाहून माणूस ओळखायचा.

महादूचा तुकडा आला. सुनंदाने काप काढला. पाहिला, आणि मला जी भीती वाटत होती ती खरी झाली. मधला भाग मेलेला आणि त्याच्या भोवती त्या कातडीसारख्या पेशींचे जथे.

फोन वाजला. "झालं का? एक फांदी गाठीला घट्ट चिकटलीय. ओठाची. कॅन्सर असेल तर ती जाणार. सांगा लवकर."

मी पुन्हा पाहिलं. काहीतरी पटत नव्हतं. कॅन्सरच्या पेशी शेजाऱ्याच्या घरात घुसतात. या मात्र मेलेल्या भागाच्या कडेला शिस्तीत उभ्या होत्या, रांग सोडत नव्हत्या. गाठीला जबर मार बसला, तिचा रक्तपुरवठा तुटला, तर मधला भाग मरतो आणि कडेच्या पेशी अशी वेगळी रूपं घेतात. दिसतात भयंकर, पण निरुपद्रवी असतात. अनेक पॅथॉलॉजिस्ट तिथे फसलेले आहेत. पण त्यासाठी मार बसायला हवा. आणि आमच्या कागदांवर तर स्वच्छ लिहिलं होतं, काहीही लावलेलं नाही.

मी एप्रन घालूनच बाहेर पळाले. मंगळी थिएटरबाहेर बाकड्यावर नव्हती, बाकड्याशेजारी जमिनीवर बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"मंगळी, गाठीला कुणी काही केलं का? भगताकडे गेला होता का?"

"गेलतो. भगत म्हंगला, ही माझी नाय, सुईवाल्या बायची हाय."

मला अभिमान वाटायला हवा होता, पण वेळ नव्हता. "मग पडला होता? मार लागला?"

"नाय."

"अगं, मग ती लाल कशानं झाली?"

"दाबली ना."

"कुणी?"

"आम्हीच." ती मला समजावल्यासारखं बोलायला लागली. "सोंग बसेना ना तोंडावर. गाठीला आडायचं. आता सोंगाला पटाशी कशी लावायची, बाय? ते पुजलेलं. आज्यापासनं हाय, त्याला तासत नाय कुणी. म्हणून मग गाठच बसवली. नदीचा चपटा धोंडा चुलीत तापवायचा, फडक्यात गुंडाळून दाबायचा, मग वरनं आवळून बांधायचं. रोज. बोहाड्यापातुर बसली थोडी. मग तो नाचला रातभर."

"आणि हे मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

मंगळीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत दया होती. "तू इचारलंस काय लावलं. लावलं काय नाय. धोंडा काय, दाबला आणि परत नदीत टाकला."

तासायचं होतं लाकूड आणि तासली गाठ. एवढं शिकलेली मी, पण 'गाठीवर तापलेला धोंडा ठेवून ती मुखवट्याच्या मापाची केली होती का' हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात मला भेटला नव्हता. मी तिचा खांदा दाबला आणि धावत परत आले. सुनंदा फोनवर पाटणकरांना थोपवत होती, "मॅडम येतायत, सर. हो सर. नाही सर, चहाला नाही गेल्या."

मी फोन घेतला. "कॅन्सर दिसत नाही. गाठीला शेकून, दाबून बांधलं होतं. मार बसलेली साधी गाठ आहे. फांदी सोडवा."

"दिसत नाही, की नाही?"

हा प्रश्न मला जन्मभर आवडला नाही, कारण तो बरोबर असतो. "आत्ता दिसत नाही. पक्कं चार-पाच दिवसांनी."

"म्हणजे तुम्ही चुकलात तर मला परत उघडावं लागणार."

"हो. आणि आत्ता कापलीत तर परत जोडून पहिल्यासारखी होणार नाही."

मग त्यांनी फांदीच्या अगदी कडेचा एक कण पाठवला. सुनंदाने इतका हळू काप काढला, की मला तिच्या हातातून यंत्र ओढून घ्यावंसं वाटलं. त्या कणात फक्त व्रणाचे धागे होते, भाजून बरं झालेल्या जागेसारखे. एकही आगंतुक पेशी नाही. मी सांगितलं. पाटणकर "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर कळलं, ती एक फांदी सोडवायला त्यांना बाकीच्या सगळ्या ऑपरेशनहून जास्त वेळ लागला.

पुढचे दिवस मला जेवण गोड लागलं नाही. सगळी गाठ मी तुकडे तुकडे करून मेणात बसवली आणि तिचे काप काचांवर घेतले, काहीही बाहेर ठेवलं नाही. दर वेळी नवी काच ठेवताना वाटायचं, हिच्यात असणार. आपण शहाणपणा केला आणि एका माणसाच्या गालात कॅन्सर ठेवून दिला. वांगणीची ती टाळू डोळ्यांसमोर यायची. शेवटची काच पाहिली. कुठेही काही नव्हतं. साधी गाठ होती, त्राटिकेसाठी तिने फार सोसलं एवढंच. मी सही केली आणि पाटणकरांना फोन लावला. त्यांनी उचलताच मीच म्हणाले, "झालं."

ओठाचा कोपरा काही आठवडे खाली राहिला. नस दुखावली की असं होतं. पाटणकरांनी व्यायाम सांगितले आणि ते मंगळीला बजावले. महादूला सांगून उपयोग नाही, हे एव्हाना त्यांनाही कळलं होतं.

पुढच्या बोहाड्याला सुनंदाला घेऊन मी सूर्यमाळला गेले. त्राटिका आली. काळं तोंड, बाहेर आलेली जीभ, भडक डोळे. पोरं पळाली, माझ्या शेजारची सुनंदाही दोन पावलं मागे गेली. मुखवटा उजव्या बाजूला जरा हलत होता. उजाडताना सोंगं उतरली तेव्हा मी महादूला विचारलं. त्याने मुखवटा पालथा करून दाखवला. गाठ काढली तिथे आता गालाला खळगा पडला होता, म्हणून आतून एक घडी खुपसली होती. मी हात लावून पाहिलं. आमच्याच रुग्णालयाचं गॉज होतं.

"हे लावलं," महादू म्हणाला. "आता इचार."

घाम आणि शेंदूर एकत्र होऊन त्याच्या चेहऱ्यावर ओघळले होते. ओठ सरळ आहे की नाही, मला काही दिसेना. मी काही बोलायच्या आत मंगळी पदर ओला करून आली, त्याचं तोंड पुसलं आणि हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"डोळे मीट," ती म्हणाली. त्याने मिटले. "गाल फुगव." फुगवले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रोज सकाळी करायला लावते. भांडण झालं असलं तरीबी." आणि त्याला, "दात दाखव."

रात्रभर नाचून दमलेल्या त्राटिकेने दात दाखवले. ओठांचे दोन्ही कोपरे एकदम वर गेले.

माझं पाहून झालं होतं. मंगळीचं झालं नव्हतं. ती हनुवटी तशीच धरून होती, एक कोपरा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. महादूचे गाल दुखायला लागले असावेत, पण तो तसाच दात काढून उभा राहिला.

"बास," ती शेवटी म्हणाली. "मीट आता."